मोटारहोम विकणे आहे, पाचनंतर या

बंडाबर्ग, रविवार, भांडी घासून झाल्यावर

प्रिय नोलाताई,

तुमच्या खुब्याचं नवं हाड आता कुरकुरायचं थांबलं असेल, टास्मानियातल्या थंडीने तुम्हाला फार छळलं नसेल, आणि तुमच्या कोंबड्या रुसवा सोडून पुन्हा अंडी द्यायला लागल्या असतील, असं धरून चालते. इकडचं विचाराल तर आम्ही दोघं आहोत तसेच आहोत. म्हणजे मी दमलेली आहे आणि तुमचा भाऊ मर्व्ह, नेहमीसारखं, त्याचंच खरं करतो आहे. फोनच करणार होते, पण आमच्या फोनवरचं बोलणं मर्व्हला अंगणातल्या शेडमध्ये बसूनसुद्धा ऐकू जातं (कानांना त्याच्या काहीही झालेलं नाही), म्हणून हे पत्र. तो विचारेल तेव्हा मी मोज्यांच्या विणीबद्दल लिहीत होते असं सांगणार आहे. तुम्हीही तसंच सांगा.

गेल्या पत्रात तुम्ही आमच्या मोटारहोमचा, त्या चाकांवरच्या घराचा, एका ओळीत निकाल लावलात. डीलरच्या दारात नेऊन उभी करा, तिच्या बदल्यात ग्लेनिसला, म्हणजे मला, एक छोटी गाडी घ्या आणि मोकळे व्हा, असं लिहिलंत. ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, बाहेरून सगळं सोपंच दिसतं. शेजारचा ट्रेव्हर म्हणतो, डीलरला द्याल तर मूर्ख ठराल, जाहिरात देऊन स्वतः विका. डीलर म्हणतो, स्वतः विकायला जाल तर म्हातारे व्हाल. (मर्व्ह येत्या नाताळात पंचाहत्तर वर्षांचा होतो, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.) आणि मी मध्ये उभी राहून दोघांनाही चहा देते.

मुळात गाडी विकायचा विषयच नव्हता. ईस्टरनंतर मर्व्हच्या मनात आलं की एवढी लांबलचक गाडी आता आपल्याला नको, ही देऊन जरा आखूड मोटारहोम घेऊ. म्हणून एका शनिवारी आम्ही हायवेवरच्या डीलरकडे गेलो. दारात इतके झेंडे लावलेत की जणू त्या दिवशी एखादा देश स्वतंत्र झाला होता. शनिवारी ते गिऱ्हाइकांना फुकट सॉसेज देतात, ते आवारात एका शेगडीवर कांद्याबरोबर भाजत होते. आता इथे तुम्हाला आमच्या हातवाऱ्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोटारहोम मागे घेताना नवरा आत स्टिअरिंगवर आणि बायको मागे खुणा करत उभी, ही या देशातल्या निम्म्या घटस्फोटांची सुरुवात असते. आमचा संसार टिकला, कारण मी चुकीच्या खुणा करते आणि मर्व्ह त्या बरोबर समजतो. पहिल्याच सहलीत मी घाबरून दोन्ही तळवे वर केले होते आणि म्हणायचं होतं, ये, ये, अजून जागा आहे. तेव्हापासून तेच पक्कं झालं. आणि थांबायचं असेल तर मी नुसती पाठ फिरवते (मला बघवतच नाही). सगळ्या मुलखात आम्ही गाडी अशीच लावली आणि एकदाही कुठे खरचटलं नाही.

त्या शनिवारी मागे उभा राहिला डीलरचा जॅरड नावाचा विक्रेता. अंगात केशरी जाकीट, पायात टोकदार बूट. त्याने जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसासारखे दोन्ही तळवे वर केले, आणि तुमचा भाऊ मागे येत राहिला. जॅरडने हात आणखी उंच केले, तेव्हा मर्व्हने वेगही थोडा वाढवला. पोरगा उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. शेगडी वाचली नाही. सॉसेज झेंड्यांपर्यंत उडाले आणि कांदा आमच्या मागच्या काचेवर चिकटून बसला.

नंतर मर्व्हने तिथे जमलेल्या सगळ्यांना माझ्या खुणांची ही कथा इतकी रंगवून सांगितली की जॅरडसुद्धा हसला. मीही हसले. पण ताई, मी काही मागे उभी नव्हते. मी मर्व्हच्या शेजारी बसले होते आणि थांब थांब म्हणून ओरडत होते. आरशात मला ती शेगडी दिसत होती, तो पोरगा दिसत होता, त्याचं केशरी जाकीट तर आंधळ्यालाही दिसेल असं होतं. मर्व्ह त्याच आरशात बघत होता आणि त्याला फक्त वर केलेले हात दिसले होते. सोमवारी मी त्याला चष्मा बदलायचा आहे असं सांगून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि त्यांनी तपासून सांगितलं की गाडी चालवणं आजपासून बंद. चष्म्याने सुधारण्यातलं ते नाही. परत येताना आमची जुनी डबडी कार मी चालवली. घरी आल्यावर म्हणाला, डिझेल फार महाग झालंय ग्लेनिस, मोटारहोम काढून टाकू. तेव्हापासून गावाला सांगायचं कारण डिझेल आहे. कृपा करून तुम्हीही डिझेलच म्हणा.

मग जॅरड आमच्या घरी गाडी बघायला आला. (शेगडीचा राग त्याने धरला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.) त्याने गाडीच्या भिंती बोटांनी ठोकून पाहिल्या, कपाटांत नाक घातलं, ओल आहे म्हणाला, छत थकलंय म्हणाला, आणि तिच्या बदल्यात छोट्या गाडीच्या किमतीतून काय वळतं करता येईल ते सांगितलं. मर्व्हने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे एका चाकाचं झालं. बाकीच्या चाकांचं काय देतोस, बाळा?” जॅरड म्हणाला, “काका, आजच ही द्या, आजच ती न्या, कटकट नाही, हेच तर आमच्याकडचं सुख.” तुमच्या भावाने त्याला फाटकापर्यंत पोचवलं, ते मान म्हणून नव्हे तर तो खरंच गेला याची खात्री करून घ्यायला.

म्हणून मग जाहिरात. ती मर्व्हने तोंडी सांगितली आणि मी टाइप केली. गाडी विकायची जाहिरात अशी असते हे मला माहीत नव्हतं. तिच्यात किंमत शेवटून दुसऱ्या ओळीत होती. त्याआधी गाडीचा स्वभाव, तिला चढण कशी आवडते, पडदे ग्लेनिसने शिवले आहेत आणि ते काढायचे नाहीत, असं सगळं होतं. शेवटची ओळ अशी की, बघायला कुठल्याही दिवशी पाचनंतर या, सगळ्यांचं स्वागत आहे. आणि ही जाहिरात त्याने दिली कुठे, तर आमच्या मोटारहोमवाल्यांच्या क्लबच्या फलकावर. मी तेव्हाच डोक्याला हात लावायला हवा होता. तुम्ही कधी गाडी घेऊन फिरला नाहीत म्हणून सांगते, रस्त्यावरच्या आमच्या लोकांत ‘पाच वाजता’ याचा एकच अर्थ होतो. आपापली घडीची खुर्ची घ्यायची, आपापली बाटली घ्यायची, काहीतरी चघळायला घ्यायचं आणि जो बोलावेल त्याच्या दारात गोल करून अंधार पडेपर्यंत बसायचं.

पहिल्याच संध्याकाळी खुर्च्या आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाहुणे आले. कोणी बर्फाची पेटी आणली, कोणी चीज, कोणी बीटाची भयंकर चटणी. माझ्या हिरवळीवर खुर्च्यांच्या पायांनी इतकी भोकं पडली आहेत की आता तिथे मका पेरता येईल. यातल्या एकालाही मोटारहोम नको आहे, ताई! प्रत्येकाकडे स्वतःची आहे, ती त्यांनी आमच्या गल्लीत लावली आहे. दोघा-तिघांनी तर आमच्या गाडीत डोकंसुद्धा घातलं नाही. शर्ली म्हणून एक आहे, खाणीत डोंगराएवढे ट्रक चालवून निवृत्त झालेली, आवाजही ट्रकसारखा. तिने मात्र एक फेरी मारून मला स्पष्ट सांगितलं, “बाई गं, तुझा नवरा विकायला नाही बसलेला, सांत्वन करून घ्यायला बसलाय.” मी तिला आणखी चीज वाढलं.

एक खरं गिऱ्हाईक आलं होतं. ब्रिस्बेनचं तरुण जोडपं, सभ्य, पैसे तयार. मर्व्हने त्यांची अशी उलटतपासणी घेतली की मुलगी द्यायची असती तरी इतकी घेतली नसती. लग्न झालंय का, भांडता का, भांडल्यावर कोण आधी बोलतं, थंडीने पाण्याची नळी गोठली तर काय कराल (बंडाबर्गच्या उकाड्यात ती गोठत नाही). मुलगा बिचारा उत्तरं देत होता. मग मुलीने चुकून सांगितलं की आतलं सगळं उखडून पांढरा रंग देऊन ते तिच्यात कॉफीचं दुकान काढणार आहेत. तिथेच बोलणी संपली. मर्व्ह म्हणाला, गाडी विकली गेली. मुलगी म्हणाली, आत्ता? तो म्हणाला, आत्ताच. मी त्यांच्या हातात केक देऊन निरोप दिला, कारण दुसरं काय देणार.

असं आहे एकंदर. डीलरला दिली तर दुपारपर्यंत झेंड्यांखाली अनोळखी गाड्यांच्या रांगेत जाईल आणि मर्व्ह हायवेवरून जाताना रोज मान वळवेल. स्वतः विकायची तर विकणारा हा असा. तुम्हाला वाटेल, ग्लेनिसचा जीव गाडीत अडकलाय. खरं सांगू? मला ती गाडी कधीच फारशी आवडली नाही. तिच्यात वळायला जागा नाही, अंघोळ करताना कोपर साबणाच्या डबीवर आपटतं, आणि पावसात तिला ओल्या कुत्र्याचा वास येतो, आमच्याकडे कुत्रा नसताना. पण त्या गाडीत तुमचा भाऊ माझ्याशी बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात आम्ही दोघंही टीव्हीशीच बोलतो. पण गाडी गावाबाहेर पडली की तो सुरू होतो. लहानपणचं सांगतो, तुमच्या आईचं सांगतो, मला काय वाटतं ते विचारतो, आणि उत्तर ऐकूनही घेतो. आता तो रोज सकाळी दारात उभ्या असलेल्या त्या गाडीत स्टिअरिंगमागे जाऊन बसतो आणि चहा तिथेच मागतो. मी चहा नेऊन देते आणि शेजारी बसते. गाडी हलत नाही आणि तो बोलत नाही. ताई, मला त्याची भीती वाटते. गाडी डीलरकडे जाते की जाहिरातीने, याचं मला काहीच नाही, तिच्याबरोबर हा माणूसही जाईल असं वाटतं.

तर आता तुम्हीच थोरल्या, तुम्हीच ठरवा. डीलर की जाहिरात, जे लिहाल ते मान्य. खुब्याला जपा, ओल्या गवतात कोंबड्यांमागे धावू नका.

तुमची,
ग्लेनिस

ता. क. मोज्यांचं माप खरंच पाठवा, म्हणजे माझं खोटं निदान अर्धं तरी खरं होईल.

ता. क. दुसरा. तुम्हीच ठरवा असं वर लिहिलं ते मनावर घेऊ नका, माझं ठरलेलं आहे. गेले काही बुधवार मी चर्चच्या केक-विक्रीच्या तयारीला जाते असं सांगून जत्रेच्या रिकाम्या मैदानावर शर्लीची मोटारहोम चालवायला शिकते. तिची आमच्यापेक्षा मोठी आहे. सुरुवातीला मी मैदानाचं कुंपण थोडं वाकवलं, पण आता शर्ली माझ्याशेजारी डोळे उघडे ठेवून बसते. गेल्या बुधवारीच म्हणाली, “हायवेला काढ आता, म्हातारे, मैदान कंटाळलं तुला.” जॅरडला नाही म्हणून कळवलं आणि जाहिरातही काढून घेतली. मर्व्हला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं, किंमत जास्त लावल्यामुळे गिऱ्हाईक येत नाही.

ता. क. तिसरा, आणि याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. चल, मी तुला फिरवून आणते, असं मी म्हटलं तर त्याला ती कीव वाटेल आणि तो डिझेलवर बोलायला लागेल. पण आई गेल्यावर तुम्ही त्याला वाढवलंत, तुमचा शब्द त्याने आजवर एकदाही मोडलेला नाही (माझे किती मोडले ते मोजलं तर वेगळं पत्र होईल). म्हणून त्याला लिहा की विकायच्या आधी गाडी टास्मानियाला घेऊन ये, गाडीसकट बोटीत बसायचं, कारणं सांगायची नाहीत, आणि ग्लेनिसला चालवू दे, तू शेजारी गप बैस. मी सांगितलं हे लिहू नका. डॉक्टरीणबाईंनी जाताना मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती, ती मी अजून कोणाला सांगितली नाही. या दुखण्यात माणसाला मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं बराच काळ दिसत राहतं. समोरचा रस्ता त्याला आता दिसायचा नाही. पण समुद्र, डोंगर, गावं, सगळं तर खिडकीच्या कडेलाच असतं ना, ताई, आणि इतकी वर्षं गाडी चालवताना त्याने ते कधी नीट पाहिलेलंच नाही. तो बराच काळ म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून पत्र लवकर टाका, आणि जरा रागावूनच लिहा.