मस्टरवरचा नवरा

आत्याबाई, आज मी भांडून आले. या वयात, हातात काठी, आणि तरी अशी भांडले की समोरच्या बांधकामावरचा तो सुपरवायझर शेवटी "आजी, आजी, आधी बसा तरी" म्हणायला लागला. मी बसले नाही. बसलं की आवाज बसतो, हे तुमचंच शिकवणं. तुम्हाला हे सांगितल्याशिवाय मला घास जायचा नाही, म्हणून ताट बाजूला सारून लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण ती अडचण तुम्ही होतात तेव्हाही होतीच. तेव्हा मी वाचून दाखवायचे, आता नुसती लिहिते. झालं काय, तर सकाळी गॅलरीत उभी होते. समोर बारा मजली काम चाललंय. तिथं एका बाईच्या पायावर लोखंडी प्लेट पडली. बीडकडची बाई, तुम्ही कामाला जायचात त्या वयाची. पायातून रक्त वाहतंय, आणि हा बाबा तिच्यापुढे एक लिहिलेला कागद धरून म्हणतो, "मावशी, इथं अंगठा करा, रिक्षा बोलावलीय, गावी जाऊन आराम करा." अंगठा हा शब्द कानावर पडला मात्र, मी जिना कशी उतरले मला ठाऊक नाही. तुमची आठवण आली असं म्हणत नाही, तुम्ही माझ्या अंगातच आलात.

कारण असाच एक कागद आपल्याही दारात आला होता. मी तेव्हा तुमची नवी सून. माहेर चऱ्होली, शिक्षण चौथी पास, आणि त्या चौथीचा तोरा केवढा! रुळांपलीकडच्या रानात कारखाना उठत होता. कसला ते गावात कुणालाच धड माहीत नव्हतं, कुणी साबणाचा म्हणायचं, कुणी काडेपेटीचा. पण रोज नवं काहीतरी यायचं. ट्रकनं खडी यायची, लोखंड यायचं, आणि ते काँक्रीट कालवायचं यंत्र आलं त्या दिवशी तर निम्मं गाव म्हशी सोडून बघायला गेलं. तुम्ही चुलीपुढून उठलात आणि म्हणालात, "चल गं, कामाला जाऊ." मामंजी, म्हणजे तुमचे मालक, ओट्यावरून गुरगुरले, "आपल्या घरच्या बायका घमेली वाहनार व्हय?" तुम्ही पदर खोचत म्हणालात, "आपल्याच रानात भिंती उठाय लागल्यात. दुसऱ्यांनी वाहिली तर चालंल, आमी वाहिली तर न्हाई?" मामंजींनी तोंड म्हशीकडं फिरवलं. मी तर आनंदानं वेडीच झाले होते. घराबाहेर पडायचं, चार बायकांत मिसळायचं, यंत्र जवळून बघायचं!

आणि तिथंच, पहिल्याच सकाळी, मी एक घोळ घातला. मुकादम खोक्यावर बसून मस्टरात नावं लिहीत होता. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. "नवऱ्याचं?" मी खाली मान घातली. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी सांगायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तुम्ही तुमच्या लेकाचं नाव खणखणीत सांगून मोकळ्या झालात. मग तुमची पाळी. तुमचं नाव तुम्हीच सांगितलंत. "नवऱ्याचं?" तुम्ही मला कोपरानं ढोसलं, "सांग की गं," आणि डोक्यावरची चुंबळ नीट करायला मान वळवलीत. आता मी काय सांगणार, कपाळ? सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं असतं का? सासरी आल्यापासून त्या नावाशी मिळतीजुळती वस्तूसुद्धा मी दुसऱ्याच नावानं मागत होते. मागे बायकांची रांग, शेजारी यंत्राचा खडखडाट, मुकादम ओरडतोय, "सांगता, का उद्या येता?" आणि मला वाटलं, गेलं काम, गेलं ते यंत्र, आता पुन्हा चूल. माझी जीभ जिकडं वळायला मोकळी होती तिकडंच वळली. मी माझ्या वडिलांचं, दादांचं नाव सांगून टाकलं. मुकादमानं लिहिलं. आडनाव निम्म्या गावाचं एकच, ते त्यानं विचारलंच नाही. तुम्हाला त्या गोंगाटात काही कळलं नाही. हजेरी रोज नुसत्या पहिल्या नावानं व्हायची, म्हणून पुढंही कुणाला कळलं नाही. मी मात्र पहिला आठवडा घमेलं उचलताना देवाला मनातल्या मनात हात जोडत होते.

पण ते दिवस काय सुंदर होते हो आत्याबाई! भिंत कमरेएवढी झाली, डोक्याएवढी झाली, मग बांबूची परांची बांधली आणि आपण फळीवरून वर चढायला लागलो. वरून देहूरोडकडं जाणारी आगगाडी दिसायची. तुम्ही घमेलं डोक्यावर घेऊन फळीवर अशा चालायचात जशा देवळाला चालल्यात. आणि मग एक दिवस ती फळी सरकली. बांधलेलीच नव्हती, नुसती टेकवून ठेवलेली. दोन पुरुष उंचीवरून तुम्ही विटांवर आलात, उजवा हात अंगाखाली. मी वरूनच किंचाळले. तुम्ही खालून पहिलं काय विचारलंत? "कुनाच्या अंगावर घमेलं पडलं न्हाई ना?" पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून हात प्लॅस्टरात घालून आणला. पुढं प्लॅस्टर निघालं, पण कोपर पुन्हा वाकलं नाही. तुम्ही डाव्या हातानं भाकरी थापायला शिकलात, ती एका बाजूला जाड व्हायची, आणि जाड बाजू तुम्ही माझ्या ताटात टाकायचात.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस कागद, शाईचा पॅड आणि गूळ घेऊन आला. गूळ! "आमची काही तक्रार नाही" असं त्यावर लिहिलं होतं, मी मोठ्यानं वाचलं म्हणून कळलं, नाहीतर तो म्हणत होता औषधाच्या पैशाची पावती आहे. तुम्ही प्लॅस्टर वर केलंत. "अंगठा ह्यात हाय बाबा. फोडून घेतोस का?" तो गूळ ठेवून गेला. तुम्ही तो म्हशीला घातलात. त्या रात्री तुमचा लेक खडकीच्या कामावरून घरी आला आणि रविवारी त्यांच्या युनियनचे एक मास्तर घेऊन आला. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेला माणूस, पण काय बोलायचा! ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की कामावर हातपाय मोडला तर भरपाई ही दया नाही, कायदा आहे. कोऱ्या किंवा न कळलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. दवाखान्याचा प्रत्येक कागद जपायचा. लेखी कळवायचं, मुदत टळू द्यायची नाही. आणि ठेकेदारानं हात झटकले तर ज्याचं काम चाललंय त्या मालकालाही धरता येतं. मामंजी म्हणाले, "कोर्टाची पायरी आमच्या घरानं चढलेली न्हाई." मास्तर हसले, "आजवर तुमच्या घरातलं कुणी परांचीवरून पडलंही नव्हतं, आजोबा."

आपल्या लेखी कळवण्याला ठेकेदाराचं उत्तर आलं ते मी वाचलं आणि तुमचा चेहरा बघून पुढं वाचायची हिंमत झाली नाही. सदर बाई आमच्या कामावर नव्हती, सरपण चोरायला आत शिरली आणि पडली. तुम्ही ताडकन उठलात. "चोर? मी चोर? मास्तर, पैसा देवो न देवो, ह्या हातानं मी तिथं घमेली वाहिली एवढं त्याच्या तोंडनं वदवून घ्या. न्हाईतर मला गावात तोंड दावाय जागा न्हाई." बरोबरच्या बायका साक्षीला येईनात, त्यांची हजेरी त्याच मुकादमाच्या हातात. मास्तर म्हणाले, हरकत नाही, दावा लावू, भरपाईचे साहेब मस्टर मागवतील, मस्टर खोटं बोलणार नाही. आत्याबाई, मस्टर हा शब्द ऐकला आणि मला ती पहिली सकाळ आठवली. तरी मी बोलले नाही. किती दिवस! तुम्ही म्हणायचात, "पोरगी वाळाय लागली, माझ्या काळजीनं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

तारखेला आपण सगळे पुण्याला गेलो. भरपाईच्या साहेबांची खोली, वर पंखा, मामंजी दाराशी बाकावर पागोटं सावरत बसलेले. ठेकेदाराच्या वकिलानं मस्टर उघडलं आणि काय खुशीत वाचलं त्यानं! "या नावाची एक बाई कामावर होती साहेब, पण नवऱ्याचं नाव बघा. हा भलताच इसम. ती बाई वेगळी, ही वेगळी." तुमच्या लेकानं ते नाव ऐकलं, आपल्या सासऱ्याचं, आणि सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं. मास्तरांचा चष्मा नाकावर घसरला. तुम्ही नुसत्या इकडून तिकडं बघत होतात. आणि मी उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, "साहेब, ते नाव मी सांगितलं. ते माझ्या वडिलांचं आहे. सासऱ्याचं मला घेता येत नाही." वकील हसला, "सूनच ती, सासूसाठी काहीही बोलेल."

साहेबांनी मला पुढं बोलावलं, शपथ दिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "सासऱ्याचं नाव काय?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं हो! नाव जिभेच्या टोकाशी होतं, समोर बाकावर मामंजी बसलेले, आणि आवाज म्हणून फुटेना. साहेब म्हणाले, "बाई, सांगितलं नाहीस तर सासूचा दावा जाईल." डोळ्यांतून पाणी आलं, घाम फुटला, पण नाव नाही आलं. वकील म्हणतो, "उखाण्यात घ्या हवं तर." साहेबांनी त्याला हातानं गप्प केलं आणि विचारलं, "बरं, वडिलांचं?" मी एका श्वासात सांगितलं, भडाभडा, आडनाव-गावासकट. साहेबांनी मस्टर वकिलाकडं फिरवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मुकादमाला विचारलं, हे नाव तुला कुणी सांगितलं? तो डोकं खाजवत म्हणाला, "ह्याच पोरीनं साहेब. लई घाईत व्हती." अख्खी खोली हसली. मलाही हसू आलं, रडता रडता.

आणि मग तुम्ही उठलात. प्लॅस्टर निघालेला तो ताठ हात छातीशी धरून म्हणालात, "साहेब, हुकूम लिवायचा तर माझ्या धन्याच्या नावानं लिवा, व्याह्याच्या न्हाई. एकदाच सांगते, लिवून घ्या." आणि सांगितलंत! पदर तोंडाला न लावता, उखाणा न घेता, मामंजींचं पूर्ण नाव, आडनावासकट, भिंतीला लागून परत येईल एवढ्या मोठ्यानं. मामंजी दचकून बाकावरून उठले आणि म्हणाले, "जी!" लग्नाला तीस वर्षं झाली होती, तुमच्या तोंडून हाक अशी पहिलीच. साहेबांनीसुद्धा खाली बघून टाक उगाच शाईत बुडवला. ठेकेदाराला त्याच खोलीत, मुकादमाच्या शेजारी उभं राहून कबूल करावं लागलं की बाई आमच्याच कामावर होती. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काम झालं होतं ना! परतीच्या गाडीत मात्र खडकी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. खडकीला म्हणालात, "सटवे, मला व्याह्याची बायको केलीस," आणि हसायला लागलात ते चिंचवड येईपर्यंत. मामंजी खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

तर आज मी त्या बीडच्या बाईला मास्तरांचं सगळं सांगितलं, एकही गोष्ट विसरले नाही. कागद फाडायला लावला, पाय आधी दवाखान्यात दाखवायला लावला. पडलेल्या प्लेटीचा फोटो आमच्या नातीनं काढला. मग नातीनं वही काढून तिला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?" आणि आत्याबाई, त्या बाईनं आपलं नाव सांगितलं, पाठोपाठ नवऱ्याचं, आडनाव, सगळं एका दमात, पाय दुखत असताना! मला इतका आनंद झाला की मी तिची अलाबलाच घेतली. तिला वाटलं म्हातारी वेडी आहे. उद्या तिला घेऊन कामगार कार्यालयात जायचंय, नात रजा काढतेय, मीही जाणार.

एवढं लिहून झालं, तर म्हटलं, आता रीतसर पाकीटही करू. पाकिटावर तुमचं नाव लिहिलं. पुढं मामंजींचं लिहायचं. घरात या घडीला मी एकटी, ऐकायला कुणी नाही, मामंजींना जाऊन पन्नास वर्षं झाली. पेन टेकवलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि काय सांगू आत्याबाई, बघते तर दादांच्या नावाचं पहिलं अक्षर काढून बसले आहे. पाकीट तसंच फडताळात ठेवते.