ओट्याची सरासरी

वयाने, अधिकाराने आणि (भाऊजींच्या सांगण्यानुसार हल्ली) वजनानेही थोर अशा माझ्या एकुलत्या एका ताईला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. 'वाकून' हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. सध्या आमच्या घरात चहा करणाऱ्या प्रत्येकाला वाकावंच लागतं. आज सकाळचा चहा मी केला आणि अजून सरळ झालेलो नाही. त्याचं कारण पुढे येईलच. तू बरी आहेस ना? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? भाचेबुवा पास झाले, की याही वेळी पेपर काढणाऱ्याचीच चूक होती? आणि आई कशी आहे? (हा शेवटचा प्रश्न मी अगदी सहज विचारल्यासारखा लिहिलाय. तूही तो तसाच वाच.) पत्र मुद्दाम तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलेलं पाकीट आई आधी उघडते आणि मग 'चुकून उघडलं गं' म्हणते. फोनवर बोलायची तर सोयच नाही. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तुझ्यामागून आईचा आवाज येतो, 'त्याला म्हणावं, मी मजेत आहे.' एवढ्या मजेत असलेल्या माणसाबद्दल त्याच्या देखत काय बोलणार?

आपलं जुनं स्वयंपाकघर तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. नळ सोडला की भिंतीच्या आत कुणीतरी खोकायचं, एक कपाट लावलं की शेजारचं उघडायचं, आणि ओट्याखाली झुरळांच्या इतक्या पिढ्या नांदल्या होत्या की त्यांनी जागेवर हक्क सांगितला असता तर निकाल बहुधा आपल्याच विरुद्ध लागला असता. म्हणून आम्ही ते पाडून नवं करायचं ठरवलं. घर पाहावं बांधून, असं शहाणी माणसं म्हणून गेली. स्वयंपाकघर पाहावं पाडून असं कुणीच म्हणालं नाही, कारण पाडून बघणारा पुढे म्हणी रचण्याच्या अवस्थेत राहत नसावा. आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. ऑफिसात पंखा बदलायचा असला तरी मी आधी बैठक बोलावतो. मग घरात एवढं मोठं काम बैठकीशिवाय कसं होणार? एका रविवारी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि प्रत्येकाचं मत विचारलं. बायकोला खोल कप्पे हवे होते. थोरलीला (पहिलीत गेल्यापासून तिला सगळ्याच गोष्टींवर मत आहे) घसरगुंडी हवी होती. धाकट्याला काय हवं होतं ते कळलं नाही, कारण तो तेव्हा टेबलाखाली माझ्या बुटाची नाडी खात होता. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "माझं काय विचारता? तुम्हाला हवं तसं करा. मला काय, काहीही चालतं."

ताई, तू हसतेयस हे मला इथून दिसतंय. आईचं 'मला काहीही चालतं' म्हणजे काय, हे आपण दोघं दुधाच्या दातांपासून जाणतो. पण बैठकीत बसलं की माझी ती सगळी अक्कल कुठे जाते देव जाणे. मी मान डोलावली, 'आईची हरकत नाही' असं मोठ्याने जाहीर केलं आणि पुढच्या विषयाकडे वळलो. पुढच्याच आठवड्यात आईने बॅग भरली. धुळीने खोकला होतो म्हणाली. तोवर घरात धूळ म्हणावी अशी एकच होती, ती माझ्या पुस्तकांवरची, आणि तिच्याशी आईचं वर्षानुवर्षं उत्तम जमत होतं. तेव्हापासून ती तुझ्याकडे आहे आणि मजेत आहे.

ती गेली आणि गवंडी आला. माणूस स्वभावाने फार गोड. कुठल्याही गोष्टीला 'नाही' म्हणत नाही आणि कुठलीही गोष्ट करत नाही. नळाचं विचारलं की 'होऊन जाईल साहेब', फरशीचं विचारलं की 'होऊन जाईल साहेब', आणि तो स्वतः कुठे होता असं विचारलं की 'माणूस गावाला गेला होता'. हा गावाला गेलेला माणूस कोण, ते अजून कळलेलं नाही. तो एकदा परत आला की सगळं जग सुरळीत होईल अशी माझी समजूत आहे. तोवर आमचा संसार मात्र घरभर पांगला. फ्रिज बेडरूममध्ये आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये घोरू लागला. विजेची शेगडी माझ्या लिहायच्या टेबलावर बसली, त्यामुळे ऑफिसच्या दोन फायलींना अजून तळलेल्या कांद्याचा वास येतो (साहेबांनी एक फाईल मुद्दाम दोनदा मागवून घेतली). भांडी न्हाणीघरात घासायची, म्हणजे आंघोळीला जाणाऱ्याने आधी कुकर बाहेर काढायचा, मग स्वतः आत जायचं, आणि साबण समजून भांड्याची वडी अंगाला लावायची. मुलांना ही सगळी मोठी सहल वाटते. थोरली वर्गातल्या मैत्रिणींना आणून भिंतीतलं भगदाड दाखवते, आणि त्यातून शेजाऱ्यांचं जेवण दिसतं ही माहितीही देते. धाकट्याने ओल्या सिमेंटमध्ये आधी पाय उमटवला, मग बूट उमटवला, आणि शेवटी बूट तिथेच ठेवला. तो आता आपल्या पायाभरणीचा भाग आहे. मात्र कहर झाला तो बालवाडीत. बाईंनी त्याला खेळणी उचलून ठेवायला सांगितल्यावर तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माणूस गावाला गेलाय. सोमवारी बघू." बाईंनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, होऊन जाईल.

आता ओट्याकडे येतो. सगळं महाभारत तिथेच आहे. ओटा किती उंच करायचा, असा प्रश्न निघाला. मी न्यायप्रिय माणूस. म्हणालो, घर सगळ्यांचं, तर ओटाही सगळ्यांचा. घरातल्या प्रत्येकाचं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं ते मोजू आणि सरासरी काढू. मुलांनाही धरलं, कारण त्यांना वगळलं तर पुढे लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास उडेल. (आई इथे नव्हती, आणि तिची हरकतही नव्हती.) सरासरी निघाली ती मोठ्या माणसाच्या मांडीच्या जरा वर येत होती. बायकोने तो आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "या घरात स्वयंपाक कोण करतं? सरासरी करते का?" प्रश्न बिनतोड होता. ती चांगली उंच, त्यामुळे तिच्या मापाचा ओटा करायचं ठरलं. भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, गवंड्याला दाखवली, तो 'होऊन जाईल' म्हणाला आणि आम्ही दोघं कामावर गेलो. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर ओटा तयार! म्हणजे खिडकीखालचा अर्धा भाग तयार, आणि उंची पेन्सिलीच्या खुणेच्या चांगली खाली. कुठवर? मोठ्या माणसाच्या मांडीच्या जरा वर.

बायको काहीच बोलली नाही. ताई, तुझ्या भावजयीचं बोलणं मी सोसू शकतो, पण तिचं न बोलणं मला सोसवत नाही. मी तिच्या पाठीमागे गवंड्याला गाठून माझी सरासरी खरी करून घेतली, असं तिच्या मनाने घेतलं. मी मुलांची शपथ घेतली, तर म्हणाली, "मुलं तर खूशच आहेत." आणि ते खरंच होतं. थोरली त्या ओट्यापाशी ऐटीत उभी राहून पावाला लोणी लावत होती आणि धाकटा तोच पाव आपल्या गाडीला लावत होता. गवंड्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "सांगितलं तसंच केलंय साहेब." कुणी सांगितलं? "घरातल्यांनीच." एवढं बोलून तो माणूस आणायला गावाला गेला. तेव्हापासून आम्हा नवरा-बायकोचं बोलणं थोरलीमार्फत चालतं. ती निरोप पोचवते, पण दुरुस्तीसह. "आई म्हणाली, दूध संपलंय. आणि मला वाटतं, बाबा, तुम्ही तिला सॉरी म्हणा आणि येताना मला रंगीत खडू आणा."

तर असं आहे. शेगडी आता टेबलावरून त्या ओट्यावर आलीय, त्यामुळे कमरेत वाकून चहा करतो, वाकूनच पितो आणि विचार करत बसतो. कितीही वाकलं तरी एक गोष्ट विसरता येत नाही. आई नाही तर हे घर चालत नाही. स्वयंपाक होतो गं, घर चालत नाही. धाकटा दर संध्याकाळी दारात जाऊन उभा राहतो आणि गेलेला माणूस कधी येणार म्हणून विचारतो. आधी मला वाटायचं, तो गवंड्याच्या माणसाबद्दल विचारतोय. काल कळलं, त्याला आजी म्हणायचंय. मी फोनवर 'कधी येतेस' म्हटलं तर आई म्हणते, "राहू दे, तुमचं चालू दे." आणि ती खरोखरच तिथे राहिली तर, या विचाराने मला आतून भीती वाटते. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, भाचेबुवांना आशीर्वाद, आणि आईला काहीच नको सांगूस.

तुझा,
वाकलेला भाऊ

ता. क. आता मुद्द्याचं लिहितो. हा ओटा पाडून पुन्हा बांधायचं ठरवलंय, आणि या वेळी आईच्या मापाचा. बायकोने थोरलीमार्फत संमती कळवलीय: "आई येणार असतील तर ओटा जमिनीवर असला तरी चालेल." (यात दुरुस्ती नव्हती. मी उलटतपासणी केली.) तेव्हा तू आईचं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं ते मोजून कळव. पण तिला अजिबात कळता कामा नये. ती उभ्याने भाजी चिरत असेल तेव्हा मागून जाऊन टेप लाव. विचारलंच तर पडद्याचं माप घेतेय म्हण. तिला सरळ विचारू नकोस. विचारलंस तर 'माझं काय मेलं माप' म्हणेल आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

ता. क. दुसरा. पत्र टपालात पडायचं राहिलं, कारण थोरलीने तिकीट धाकट्याच्या कपाळावर चिकटवलं आणि ते सोडवण्यात सकाळ गेली. तेवढ्यात गवंडी उगवला. मी म्हटलं, घे हातोडा, पाड. तर हा सदा गोड माणूस आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणाला. म्हणे, "आजी रागावतील." कोण आजी? तर आपली आई! ताई, त्याने सगळं सांगून टाकलं. आईने त्याला फोन करून खिडकीखालचा भाग तिच्या मापाचा करायला सांगितला, आणि गॅसचा भाग वहिनींच्या मापाचा, 'ती उंच आहे, तिची कंबर मोडेल' म्हणून. तो दुसरा भाग उद्या बांधायचाय. आम्हाला यातलं काही सांगितलंस तर बघ, असा दमही दिला. मी त्याला विचारलं, एवढा खाली कशाला? तर म्हणाला, "आजी म्हणाल्या, आता पाटावर चढवत नाही." तुला आठवतंय ना? जुना ओटा तिला उंच पडायचा, म्हणून जन्मभर ती पाटावर उभी राहून आपल्याला रांधून घालत होती, आणि आपल्याला वाटायचं, आईला पाट आवडतो. बायको मागे उभी होती. तिने डोळे पुसले, मग माझ्याकडे बघून हसली आणि थोरलीला मध्ये न घेता म्हणाली, "चहा टाक." आणि हो, ते सगळे फोन तुझ्या फोनवरून आले होते, हेही गवंड्याने सांगितलं. आणि तू मात्र दर रविवारी मला, 'कुठवर आलं रे काम?' असं भोळेपणाने विचारत होतीस!

ता. क. तिसरा, आणि हा वाचल्यावर पत्र फाडून टाक. कोपर मोजायची आता गरज नाही. आईला फक्त एवढंच सांग, की तुझ्या लेकाने कुणी न सांगता, आपल्या आपण विचार करून, तुझ्या मापाचा ओटा करून घेतलाय. ती 'अगं बाई, खरंच?' म्हणेल, आणि ते इतकं मनापासून म्हणेल की क्षणभर तुलाही खरं वाटेल. इथे आल्यावर ती ओट्यावरून हात फिरवून पुन्हा चकित होईल, आणि मी खाली बघत 'त्यात काय एवढं' म्हणेन. गवंड्याला मी पढवून ठेवलंय. बायको तयार आहे. मुलांना रंगीत खडू दिलेत. आई मला पकडणार नाही आणि मी तिला पकडणार नाही. तेवढं आम्हा मायलेकांना छान जमतं. तिला फक्त लवकर ये म्हणावं.