डावी बाही नसलेला सदरा आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मेंदू आणि डोळे यांच्या विकारांवर जन्मभर संशोधन केलेली डॉक्टर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डावीकडची नजर शाबूत नाही, कारण मेंदूच्या उजव्या भागात गाठ आहे व ती उद्या काढायची आहे. बुद्धी आणि नजर ही दोन वेगळी खाती आहेत. वकिलांनी त्यांची सरमिसळ करू नये.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीची. "ताई, स्वयंपाकघरातला नळ गळतोय," असे ती मला कित्येक वर्षे सांगत आली आहे. आता नळही तिचाच.

२. पुस्तके ग्रंथालयाला. माझ्या शोधनिबंधांवर आपले नाव पहिले घालणाऱ्या विभागप्रमुखांना काही नाही. त्यांनी आधीच घेतले आहे.

३. कपाटातला पांढरा सदरा. हा एका शिंप्याने शिवला. मेंदूला झटका येऊन गेल्यावर तो हिंडूफिरू लागला, पण डावीकडचे जग त्याच्या लेखी उरले नव्हते. कापड समोर पसरले की त्याच्या डाव्या हाताकडची बाही लावायची राहूनच जाई. "बाई, सदरा पुरा आहे, बघा की," असे तो छातीठोकपणे सांगे. बायको म्हणे, "सोंग करतायत, काम नको म्हणून." तो गेला तोही घरच्यांच्या लेखी खोटारडा म्हणूनच. याचा मला अजून राग येतो. तो खोटे बोलत नव्हता. आपल्याला डावीकडचे दिसत नाही, हेच त्याला कळत नव्हते. एवढे सिद्ध करण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. सदरा तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत टांगावा.

४. माझा मेंदू. हा माझ्या जुन्या सहकाऱ्याला. त्याला सगळे बॅटरीवाला म्हणतात, कारण तो पेशंटच्याच काय, लिफ्टवाल्याच्याही डोळ्यांत बॅटरी मारून बघतो. त्याचे मत माझ्या उलट: पेशंटला सगळे ठाऊक असते, लाजेपोटी लपवतो. माझ्या निबंधावर त्याने छापील शेरा मारला, 'लेखिका भोळी आहे.' तेव्हापासून बोलणे बंद. तो समोर आला की मी तोंड फिरवते. हे सगळ्या विभागाला पाठ आहे.

गेल्या महिन्यात एका निरोपसमारंभात तो बराच वेळ माझ्या डावीकडे बसला होता. मला पत्ताच नव्हता. लोकांना वाटले, नेहमीचेच. शेवटी तोच उठून उजवीकडे आला.

"आज तू तोंड फिरवलं नाहीस," तो म्हणाला. "चल, तपासू."

अंधाऱ्या खोलीत त्याचे बोट डावीकडून हलत येत राहिले, पण अगदी नाकासमोर येईपर्यंत मला ते दिसलेच नाही. मग मी म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं रे."

"तू असंच म्हणणार," तो म्हणाला. पण त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. मला भीती वाटली, आणि तो तिथे आहे याचे बरेही वाटले.

५. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. साक्षीदार सही करतो ती एवढ्यासाठी, की ही बाई भानावर आहे आणि समजून-उमजून लिहिते आहे. म्हणून मी येथे लिहून ठेवते: त्या दिवशी मला माहीत नव्हते. मी काही लपवत नव्हते. हे वाचायला देऊन मी बॅटरीवाल्याला विचारले, मेंदू घेतोस, की हे खरे मानून सही करतोस? असा मेंदू पुन्हा त्याच्या हाती लागायचा नाही, हे त्यालाही कळत होते. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"चौथं कलम खोड," तो म्हणाला. "आणि पेन दे."

सबब कलम चार रद्द. मेंदू उद्यानंतरही मीच वापरावा असा विचार आहे.

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळचा पलंग.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.
लिहून ठेवणारीची सही: उजवीकडे, खाली.
साक्षीदार पहिल्या: शेजारच्या दंतवैद्य बाई.
साक्षीदार दुसरा: बॅटरीवाला. याने मुद्दाम कागदाच्या डाव्या कडेला सही केली व "दिसली का?" असे विचारले. दिसली नाही. मग मी तोंड त्याच्याकडे वळवले, पार वळवले, आणि पाहिली.