कुमुदच्या पत्त्याची एक ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी काळ्या स्क्रीनवर नेहमीची झाडलोट. रात्रीतून आलेला कचरा: लॉटरी, गुडघेदुखीचं तेल, परदेशातल्या कुठल्याशा विधवेची इस्टेट. फिल्टरने सगळं नीट वेगळं काढलेलं. इतकी वर्षं संस्थेचा हा मेल सर्व्हर मी एकटी सांभाळते, तरी लॉग वाचताना अजून तांदूळ निवडायला बसल्यासारखं वाटतं.

दुपारी सचिवांनी बोलावलं. विषय कुमुद, माझी शाळेपासूनची मैत्रीण. निवृत्त होऊनही ती सगळ्या शिक्षकांना मेल पाठवते आहे. सक्करदऱ्याचं मुलींचं वसतिगृह बंद होऊ देऊ नका, २२ तारखेच्या सभेला या, ठरावाविरुद्ध हात वर करा. सचिव म्हणाले, "न मागता आलेला मेल म्हणजे स्पॅम. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला, मॅडम." मग जाता जाता सांगितलं की माझ्या नोकरीच्या मुदतवाढीची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे.

बघते म्हणाले.

४ फेब्रुवारी, मंगळ.

केलं. बंदीच्या फाईलमध्ये एक ओळ, त्यात कुमुदचा पत्ता. सेव्ह. रीलोड. चहा निवायच्या आत झालं.

तिला काही कळणार नाही. तिच्याकडून मेल गेलेलाच दिसेल. इकडे तो कोणाला पोचणार नाही, बाजूच्या एका फोल्डरमध्ये पडेल. तो फक्त मला दिसतो. पुसून तर टाकत नाही ना, असं मनाशी म्हणते आहे. मधला मार्ग म्हणे.

६ फेब्रुवारी, गुरु.

पहिला मेल अडकला. वाचला.

कुमुद लिहिते तशीच, पसारा नाही. वसतिगृहातल्या बहुतेक मुली तिच्याच पारशिवनीकडच्या. गावाकडून रोज कॉलेजला येणं-जाणं होत नाही, वसतिगृह गेलं की शिक्षण गेलं आणि मागोमाग लग्न. "भाषण करू नका. फक्त हात वर करा." खाली सही, आणि सहीखाली अजूनही "रेक्टर". खोडायचं सुचलं नसेल.

शाळेत असताना ती कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होती आणि मी रोज घरून येणारी. बोर्डिंगच्या मुलींची पत्रं सिस्टर आधी स्वतः फोडून वाचत. हस्तिदंती मुठीची छोटी सुरी होती त्यांची, जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर चालायची. काही पत्रं मुलींना मिळत, काही सिस्टरांच्या झग्याच्या खिशात जात. कुमुदने घरी लिहिलेली पत्रं मी कंपासपेटीत घडी करून बाहेर नेत असे आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकत असे. पेटीच्या आत हात घालून पाहायची सवय होती मला, खाली पडलं की नाही म्हणून.

आता सुरी माझ्याकडे आहे.

९ फेब्रुवारी, रवि.

कुमुद आली, बसने, थेट बेशाला माझ्या घरी. येताना पुडाची वडी. सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, यंदा स्वस्त आहे म्हणे, म्हणून भरपूर भरलं.

जिना चढून दमली होती. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "कोणीच उत्तर देऊन नाही राहिलं वं. काहून?"

लोक कामात असतात, परीक्षा जवळ आल्या, असं काहीतरी मी बोलले.

"तुले तरी भेटला का माझा मेल?"

"भेटला." हे खरंच होतं.

"मंग?"

आपण फोनवर बोलतोच की, म्हणाले. तिने पाहिलं माझ्याकडे. मग हसली, म्हणाली, तू शाळेतही सिस्टरसमोर अशीच बुटाकडे पाहायची. वडी खमंग झाली होती. मी चार खाल्ल्या. त्याचाच जास्त राग येतो आहे.

१२ फेब्रुवारी, बुध.

आणखी एक मेल. आधीच्याहून लहान. "आपण सगळे आपल्या लेकींना शिकवलेले लोक आहोत." एवढीच ओळ, आणि सभेची वेळ.

स्टाफरूममध्ये गणिताचे वानखेडे सर म्हणत होते, "कुमुदबाई थंडावल्या वाटते. बरंच झालं, या वयात कशाला डोक्याले ताप." दोघं-तिघं हसले. मी डबा उघडला आणि बंद केला.

१५ फेब्रुवारी, शनि.

नाही जमत. ओळीच्या आधी हॅश टाकला. हॅश लागलेली ओळ सर्व्हर वाचत नाही, ती असून नसल्यासारखी. रीलोड. हलकं वाटलं. घरी येताना संत्री घेतली, दोन ठेवली कुमुदसाठी.

१७ फेब्रुवारी, सोम.

सकाळी कुमुदचा नवा मेल आलेला. पोचला असेल म्हणून लॉग पाहिला.

पुन्हा कचऱ्यात.

आधी वाटलं, रीलोड नीट झाला नाही. तपासलं. ओळ बंदच होती. मग या मेलला फिल्टरने कचऱ्याचे गुण कशाकशासाठी दिले ते उघडून पाहिलं. माझ्या नियमाचा एकही नव्हता. सगळे त्याने स्वतः शिकलेले. या बाईचे मेल, हे शब्द, वसतिगृह, मुली, सभा: कचरा.

शिकवलं कोणी? लोक जे जंक फोल्डरमध्ये टाकतात ते रोज फिल्टरला वाचून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट आहे. माझीच. आपल्याकडे कोणी मेल पुसत नाही. पुसायला गेलं की दोनदा विचारतं, जंकचं बटण एकदा दाबलं की काम होतं. म्हणून ज्याला जे नको ते सगळे तिथे ढकलतात. लग्नपत्रिका, तेरवीचं निमंत्रण, पेन्शनरांचे निरोप. तसं करू नका अशी सूचना मी काढली होती, छान इंग्रजीत. तीही बऱ्याच जणांच्या जंकमध्ये सापडली.

आणि कुमुद. दिवाळीपासूनची. सचिवांनी मला बोलावलं त्याच्या कितीतरी आधीपासूनची. वानखेडे सरांच्या जंकमध्ये तोवरचा तिचा प्रत्येक मेल आहे.

म्हणजे माझ्या ओळीची गरजही नव्हती. सचिवांना हे माहीत नाही. मला माहीत नव्हतं. मी फुकटच विकले गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळ.

वानखेडे सरांना सहज विचारलं, कुमुदबाईंचं काही आलं होतं का. "मले तर काही भेटलंच नाही ना, मॅडम. तुमचा सर्व्हर गडबड करत असन." वर दिलगिरीचा चेहरा.

हो म्हणाले. असेल.

२० फेब्रुवारी, गुरु.

सचिव कॉरिडॉरमध्ये भेटले. "शांतता आहे आता. चांगलं काम केलं, मॅडम." फाईलवर सही झाली म्हणे. आभार मानले. तोंडातून आपोआप इंग्रजीत आले, शाळेत शिकवले होते तसे, मान किंचित झुकवून.

२१ फेब्रुवारी, शुक्र.

कुमुदचा फोन. आवाज बसलेला. "उद्या मी एकलीच उभी राहीन असं दिसते. काही नाही. तू येशील ना?"

येते म्हणाले.

"माहं काय चुकलं वं, शैले? इतके वर्ष एका जागी चहा पेलो आम्ही सगळे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. 

२२ फेब्रुवारी, शनि.

सकाळी सकाळी बसले. अडकलेले सगळे मेल आधी फिल्टरला "हे चांगले" म्हणून वाचून दाखवले. मग एका आज्ञेत सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये सोडले. आज्ञा लिहून दोनदा वाचली, एंटर दाबलं. लॉग भराभर खाली सरकला. पोचला, पोचला, पोचला. पेटीत हात घालून पाहिल्यासारखं.

मग जंक फोल्डर पाहत बसले. पाहायला नको होतं. नाश्त्याच्या वेळेपर्यंत मेल एकेक करून परत तिकडे जायला लागले. वानखेडे सर पहिले. पण सगळे नाही. काही इनबॉक्समध्येच आहेत अजून. भूगोलाच्या नव्या मॅडमनी उघडून वाचलेला दिसतो. त्यांच्याशी मी आजवर धड बोललेही नाही.

सचिवांचा फोन येऊन गेला. परत आला. उचलला नाही. सर्व्हरची किल्ली फक्त माझ्याकडे आहे हे त्यांना माहीत आहे.

आत्ता कुमुदचा फोन. सभागृहात पोचलीसुद्धा, पुढच्या रांगेत बसली आहे. बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली माझ्यासाठी. "लवकर ये वं, लोक जागा मागून राहिले." लोक म्हणजे किती, ते विचारलं नाही.

ओळीचं तिला अजून सांगितलेलं नाही. हात वर करण्याआधी सांगायचं की नंतर. आधी सांगितलं तर ती माझ्यासाठी खुर्चीवरची पर्स उचलेल का, ठाऊक नाही.

संत्री पिशवीत घातली. खाली ऑटोवाला हॉर्न देतो आहे.