चढ रिकाम्या गाडीनं

अप्पा,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते. तुम्हाला कागद असाच आवडायचा, एका ओळीत एक गोष्ट.

१. मी नांदेडला एका ठेकेदाराकडं काम करते. शहराच्या एका भागातल्या आठ घंटागाड्यांनी कोणत्या क्रमानं गल्ल्या घ्यायच्या आणि डेपोला कुठून जायचं, हे मी आखून देते. कचरा उचलायचा खर्च कमी करणं हे माझं काम.

२. गेल्या महिन्यात मी आठही गाड्यांना नवे मार्ग दिले. प्रत्येक मार्ग जुन्यापेक्षा आखूड होता.

३. सात गाड्यांचं डिझेल कमी झालं. चार नंबरच्या गाडीचं वाढलं.

४. तक्त्यात मी तिच्यापुढं ‘कारण समजत नाही’ असं लिहिलं.

५. त्या तीन शब्दांवरून चार नंबरच्या चालकाला डिझेलचोरीची नोटीस गेली. सोमवारपर्यंत खुलासा पटला नाही तर गाडी काढून घेणार.

६. चूक माझी आहे.

नोटीस मी पाठवली नव्हती, पण तिला टाचलेला कागद माझा होता. आमचे सुपरवायझर म्हणाले, “म्हातारा बिलोलीकडचा आहे. गावाकडं ट्रॅक्टरवाले ओळखीचे असणार. टाकीत नळी घातली की झालं.” मी विचारलं, पुरावा काय. ते म्हणाले, “पुरावा तुमचाच की, मॅडम.” म्हणून गुरुवारी सकाळी सहा वाजता मी चार नंबरच्या गाडीत चालकाच्या शेजारी जाऊन बसले. साठीला आलेला माणूस, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मला बघून ते म्हणाले, “या, म्याडम. डबडं-बिबडं शोधायचं आसंल तर शिटाखाली बघा. पान्हा हाय आन् माझी भाकर हाय.” मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं असावं, कारण माझ्याकडं न बघताच त्यांनी गाडी काढली.

माझ्या मार्गाप्रमाणं आधी नदीकडच्या खालच्या गल्ल्या येतात. तिथं वस्ती दाट, ओला कचरा जास्त. आठ वाजेपर्यंत गाडी जवळजवळ भरली आणि मग आम्ही वरच्या वस्तीकडं निघालो. पहिला गिअर. मागं काळा धूर. गाडी इतकी हळू चढत होती की एक शाळकरी पोरगी चालत आमच्या पुढं गेली. “गाडी पिऊन राहिली, म्याडम, मी न्हाई,” ते म्हणाले. “मी तर चहा बी बिनसाखरेचा घेतो.” आधी कसे जायचात, मी विचारलं. “आधी वर जायाचो, रिकामी. मग भरत भरत खाली. खालून डेपोचा रस्ता सपाट हाय. तुमच्या नकाशात ह्यो चढ कुठं हाय, दाखवा बरं.” मी फोन उघडला. नकाशात गल्ल्या होत्या, वळणं होती, देवळं आणि मेडिकलची दुकानं होती. चढ नव्हता. मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. “इचारलं कुणी? कागद आला, सही करा म्हणले, केली.” मग ते म्हणाले, “चढ रिकाम्या गाडीनं काढावा, भरलेली उताराला लावावी. हे काय शिकवायची गोष्ट हाय का?”

मला ती शिकवलेली होती, अप्पा. जवळजवळ याच शब्दांत.

तुम्ही दोन वाजता घरी यायचात. मागच्या अंगणात आई दोन बादल्या भरून ठेवायची, आणि त्या दोन्ही संपल्याशिवाय तुम्हाला आत घ्यायची नाही. मग तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसायचात. चुलीपुढं कचऱ्याचं नाव काढायचं नाही, असा तिचा नियम होता, म्हणून तुम्ही ‘माल’ म्हणायचात. “आज माल लई होता.” आई म्हणायची, “जसं काय सोन्याचा यापार हाय.” अहमदपूरची घंटागाडी मिळायच्या आधी तुम्ही निलंग्याकडं उसाचा ट्रॅक्टर चालवला होता, आणि गाडीबद्दलचं तुमचं सगळं शहाणपण उसातून आलेलं. चढावर भार नेणारा माणूस आळशी असतो, असं तुम्ही म्हणायचात, कारण त्यानं निघायच्या आधी विचार केलेला नसतो. मी सातवीत असताना तुम्ही सुक्या मालातून एक लांब पारदर्शक नळी आणली होती, गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी. ती धुऊन, पाणी भरून, एक टोक तुम्ही माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन गल्लीच्या टोकाला गेलात. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, मग कुठली जागा उंच आहे ते आपोआप कळतं. “डोळा फसतो, माय. पाणी फसत न्हाई.” गल्ली सपाट आहे असं मी पैजेवर म्हटलं होतं. ती एका टोकाला वीतभर खाली निघाली. मला मोजायची गोडी लागली ती त्या दिवशी. आणि तरीही मी आठ मार्ग आखले ते कागद सपाट धरून.

आता ते लिहिते, ज्यासाठी खरं तर बसले.

आमची शाळा त्या मोठ्या चढाच्या मधोमध होती. तुम्ही सकाळी रिकामी गाडी घेऊन वर जायचात, वरची वस्ती भरून खाली यायचात, आणि सव्वादहाच्या सुमारास, बरोबर शाळा भरताना, फाटकासमोर गाडी थांबायची. तुम्ही घंटा वाजवायचात. मी दिसले तर एकदा जास्त. मी आठवीत गेले त्या वर्षी वर्गातल्या मुलींनी मी आत आले की बाकावर पट्टी आपटून ‘टण टण’ करायला सुरुवात केली. महिनाभर मी ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी, तुम्ही पाटावर बसलेले असताना, मी उभी राहून म्हटलं, “उद्यापासून शाळा भरताना तिकडून येऊ नका.” आईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. ती म्हणाली, “बापाला आसं बोलत्यात व्हय?” तुम्ही म्हणालात, “बोलू दे. येळेचंच म्हणून राहिली, माझं काय न्हाई म्हणाली.” पण मी तुमचंच म्हटलं होतं, आणि ते आपल्या तिघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फेरी उलटी केलीत. आधी खालचा बाजार, मग चढ. सव्वाअकराला, दुसरा तास चालू असताना, गाडी शाळेवरून जायची. फाटकाशी तुम्ही घंटा वाजवायची बंद केली होती, पण पहिल्या गिअरात कण्हत जाणारं इंजीन सगळ्या वर्गाला ऐकू यायचं. बाकीच्यांना तो कुठल्यातरी ट्रकचा आवाज होता. मी वहीत बघायचे. आवाज संपायला किती वेळ लागतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आज त्याचा अर्थ ठाऊक आहे. बाजारातला ओला माल, भाजीचा, उसाच्या चिपाडाचा, तुम्ही रोज वर चढवत होतात आणि तोच परत खाली आणत होतात.

दिवाळीनंतर तुमची गाडी काढून घेतली. डिझेल जास्त लागतंय, आणि तुम्ही कारण सांगत नाही, एवढंच घरी कळलं. आई म्हणाली, “कामून बोलत न्हाईत तुमी?” तुम्ही म्हणालात, “काय बोलू? गाडी माझ्या बाजूनं साक्ष देणार हाय का?” तुम्हाला डेपोच्या फाटकावर बसवलं, येणाऱ्या गाड्या वहीत लिहायला. मी विचारलं तर म्हणालात, “मस्त हाय की. झाडाखाली बसून राहिलो.” तिथं झाड नव्हतं. हे मला पुढं कळलं, तुम्ही गेल्यावर, फाटकावरची तुमची छत्री आणि डबा आणायला गेले तेव्हा.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. परवापर्यंत मी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या, उलटी फेरी आणि वाढलेलं डिझेल. आकडे जुळवणं हे माझं रोजचं काम असून. शुक्रवारी चार नंबरच्या गाडीची टाकी काठोकाठ भरली, जुन्या क्रमानं फेरी केली, काट्यावर वजन घेतलं, परत टाकी काठोकाठ भरली. माल तेवढाच, अंतर दोन किलोमीटर जास्त, डिझेल कमी. एका दिवसावरून सिद्ध काही होत नाही, पण त्याच क्रमाचे मागच्या महिन्यांचे आकडे माझ्याकडं होतेच. मी ते फक्त वेगळ्या प्रश्नासाठी वापरले होते. आज शनिवार. सकाळच्या एसटीनं अहमदपूरला आले आणि बाजारापासून शाळेच्या फाटकापर्यंत उंची मोजत चालत गेले. एकवीस मीटर. शाळेपासून वरच्या वस्तीपर्यंत अजून चौदा. आता स्टँडवरच्या बाकावर बसून हे लिहितेय. तुमच्या गाडीची वही कुठं उरलेली नाही, मी नगरपालिकेत विचारलं. त्यामुळं तुमच्या बाबतीत मी फक्त हिशेब मांडू शकते, सिद्ध करू शकत नाही.

चार नंबरच्या चालकाच्या बाबतीत करू शकते. सुपरवायझर काल म्हणाले, “गाडीत बिघाड होता असं लिहा, मॅडम. म्हातारा बी सुटंल, तुम्ही बी सुटाल. मार्च आलाय, तुमचा करार नवा व्हायचाय.” सोपं आहे. पण मग मार्ग तोच राहील, आणि पुढच्या महिन्यात ती गाडी परत जास्त पिईल, आणि तेव्हा बिघाड सांगता येणार नाही. मी अहवाल लिहिला आहे. त्यात ‘मार्ग आखताना चढ विचारात घेतला नाही’ असं आहे, खाली माझी सही आहे. क्रम कसा असावा हे लिहिताना ‘अनुभवी चालकाच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं. कोणता चालक ते लिहिलं नाही. सोमवारी अकराला तो देते. हा कागद त्याच फाइलमध्ये शेवटच्या पानामागं ठेवतेय. देण्याआधी काढून घेईन.

एक राहिलं. तुमची गाडी काढून घेतली त्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले. कोपऱ्यात निळा डबा असायचा. त्याचं झाकण उघडून मी हुंगलं. रॉकेलच असणार, आई त्यातूनच स्टोव्ह भरायची. पण मला तेव्हा रॉकेल आणि डिझेल यांच्या वासातला फरक खात्रीनं सांगता येत नव्हता, आणि मी कोणाला विचारलंही नाही. झाकण लावलं, आणि तुमच्यापुढं मनात ‘कारण समजत नाही’ असं लिहून ठेवलं. ते तुम्ही असेपर्यंत तसंच राहिलं. झाकण लावताना मागं दारात चप्पल वाजल्यासारखं वाटलं होतं. वळून बघितलं तेव्हा कोणी नव्हतं.

दारात तुम्ही होतात का, एवढंच कळवा. रविवारपर्यंत.