बागवाले लॉगिन करतात

४ सप्टेंबर
जमलं! बागकरी संघाच्या नव्या वेबसाइटवर लॉगिन केलं — एकटीनं. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस." लावला. इंजिनिअरिंगला वर्गात आम्ही दोनच मुली होतो. तेव्हाही कुणाची वाट पाहिली नव्हती.

आत शिरल्यावर पहिलंच पान मतदानाचं. लुब्लिन शहराच्या नगरपालिकेला आम्हा सभासदांच्या, रांगारांगांनी आखलेल्या छोट्या बागांची जमीन हवी आहे. बदल्यात शहराबाहेर नवी जागा. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक सभासदानं वेबसाइटवरच मत द्यायचं. मी विरोधात दिलं. अर्थातच!

६ सप्टेंबर
आमच्या रांगेत दुसऱ्या कुणीही लॉगिन केलेलं नाही. म्हणजे बाग जाणार, तीही आळसापायी! उद्यापासून माझ्या बागेतल्या खोलीत वर्ग.

७ सप्टेंबर
वर्ग फसला. वेबसाइट फोनवर आकडे पाठवते, ते लगेच भरायचे — आणि सगळ्यांचे फोन घरी! बागेत फोन आणायचा नाही, ही यांची जुनी शिस्त. वाल्देमार, जन्मभर बस चालवलेला माणूस, म्हणाला, "बाई, फोन आणला की बायको घरी बोलावते."

११ सप्टेंबर
आज फोनसकट आले. शेजारच्या बागेतल्या लेओकादियाची बोटं मातीनं माखलेली. आधी हात धुवायला पाठवलं. मग तिनं पासवर्ड मोठ्यानं म्हणत टाइप केला! बाकावरून वाल्देमार: "नवऱ्याचं नाव? अगं, त्यानं कधी तुझ्यासाठी दार उघडलं होतं का?" सगळे हसले. मीही, थोडी. पासवर्ड बदलायला लावला.

मत देताना मात्र बाकीच्यांना पाठ फिरवायला सांगितलं. गुप्त म्हणजे गुप्त. मीही भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

१९ सप्टेंबर
अख्खी रांग आत! संघाच्या अध्यक्षांनी विचारलं, "ही जादू कशी केलीत?"
"ओरडून," म्हटलं.
म्हणजे बाग वाचलीच. आज आलुबुखाराचा मुरंबा केला, बरण्या भरल्या. छाती फुगली आहे, खोटं कशाला लिहू?

१ ऑक्टोबर
निकाल लागला. बाग जाणार.

लेओकादिया फाटकाशी थांबली होती. "बाई, मी नव्या जागी जायच्या बाजूनं मत दिलं. तिकडे माझी मुलगी राहते. आमच्यातल्या बहुतेकांनी तसंच दिलं. तुम्हाला सांगायचं कसं?"
"मत स्वतःच दिलंस ना?"
"स्वतःच. कुणाला न विचारता."
"मग ठीक."

घरी पोचेपर्यंत मान ताठ ठेवली.