आबांचा तिसरा डोस

पुणे, १२ जानेवारी २०२२

दादा, तुला आणि वहिनीला मंजूचा नमस्कार.

फोनवर बोलताना आई तुझ्याजवळच असते, म्हणून हे लिहून गावी निघालेल्या शिवशंकरकाकांच्या हाती नेकनूरला पाठवतेय. आईसमोर वाचू नकोस.

आबा बरे हाईत. काल भाकरी मागून खाल्ली.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन डोस घेऊनही आबांच्या रक्तात कोरोनाशी लढायची ताकद आलीच न्हाई. रक्ताच्या कॅन्सरमधी असं होतं म्हणे. तिसऱ्या डोसानं तरी येते का, ते त्या अशा पेशंटवर तपासतायत.

आबांनी विचारलं, "आन् न्हाईच आली तर?"

"तर तेही आम्हाला कळायला हवं," बाई म्हणाल्या. आबांनी सही केली. सोमवारी डोस दिला, रक्त महिन्यानं बघणार.

दादा, त्याच रात्री माझा घसा धरला. काल मी खोलीत गेलेच न्हाई, दारातूनच डबा सरकवला. आबा म्हणाले, "मंजे, आत कावून येईना? डॉक्टर काय बोलले का?" मी तशीच तपासणीला गेले. आज तपासणीचा कागद आला, मला कोरोना न्हाई. मग मास्क लावून आत गेले आणि त्यांचे पाय दाबत बसले.

तुमच्या आरोहीची सर्दी गेली का? ती बरी झाल्याशिवाय तू येऊ नको, आबांनी बोलावलं तरी.

आत्ता हे लिहिताना आबा खोकले. "ठसका लागला गं," म्हणाले. ताप बघितला, न्हाई. तरी पुन्हा खोकतात का, ते ऐकत बसलेय.

तुझी,
मंजुषा